सोळा पायऱ्यांचा घाट

‘घाट’ हा शब्द मराठींत दोन अर्थांनीं चालतो. कोंकणांतल्या माणसापुढें घाट म्हटला कीं सह्याद्रीची चढण उभी राहते. वाई-नाशिकच्या माणसाला नदीच्या पात्रांत उतरणाऱ्या काळ्या दगडाच्या पायऱ्या आठवतात. पण एकोणिसाव्या शतकांत कोंकणांतून बाहेर पडलेल्या हजारों माणसांच्या नशिबीं एक तिसराच घाट आला. तो हिंदी महासागरांत, मॉरिशस बेटाच्या पोर्ट लुई बंदरांत होता. त्याच्या पायऱ्या अवघ्या सोळा. होडींतून उतरून त्या चढून गेलें कीं माणूस एका सरकारी आवारांत येई. आणि त्या आवाराच्या दुसऱ्या दारानें बाहेर पडेपर्यंत त्याच्या पुढील आयुष्याचा बराचसा निकाल लागलेला असे.

हें आवार १८४९ सालीं हिंदी मजुरांना उतरवून घेण्यासाठीं उभारण्यास सुरुवात झाली. पुढें तें वाढलें. मजुरांचें येणें थांबल्यावर त्याची हेळसांड झाली. आणि आज मूळ बांधकामाचा थोडाच भाग शिल्लक आहे. पायऱ्या, दरवाजा, इस्पितळाच्या कांहीं खोल्या, भिंती व पाये एवढेंच काय तें उरलें आहे. मॉरिशसच्या सरकारनें १९८७ सालीं त्यास राष्ट्रीय स्मारक ठरविलें व ‘आप्रवासी घाट’ हें नांव दिलें. आप्रवासी म्हणजे बाहेरून येऊन वसणारा. २००६ सालीं युनेस्कोनें हीच जागा जागतिक वारशाच्या यादींत घातली. ज्या यादींत अजिंठा-वेरूळचीं लेणीं आहेत, तींत या पडक्या आवारास स्थान कां मिळावें, असा प्रश्न साहजिकच मनांत येतो. त्याचें उत्तर तेथील दगडांत सांपडत नाहीं. तेथें काय घडत होतें तें पाहिलें पाहिजे.

मॉरिशसवर प्रथम डच, नंतर फ्रेंच व १८१० पासून इंग्रज यांची सत्ता होती. उसाची लागवड हा बेटाचा मुख्य धंदा, आणि तो आफ्रिका व मादागास्करहून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर चाले. १८३३ सालीं इंग्रजांच्या पार्लमेंटानें गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला, व १ फेब्रुवारी १८३५ रोजीं तो या बेटावर अंमलांत आला. मळेवाल्यांना नुकसानभरपाईदाखल सुमारें वीस लाख पौंड मिळाले. गुलामांना कांहीं मिळालें नाहीं. मोकळे झालेले लोक, त्यांच्यावर लादलेली उमेदवारीची मुदत १८३९ सालीं संपतांच, मळे सोडून निघून गेले. ज्या शेतांत आपल्या पाठीवर चाबूक उडाला, तेथें पुन्हा राबावयास कोणाचें मन घेईल? मळेवाल्यांनीं हा दिवस आधींच ओळखला होता. त्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली होती.

२ नोव्हेंबर १८३४ रोजीं ‘ॲटलास’ नांवाचें जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईस पोंचलें. कागदोपत्रीं त्यांस ‘धांगर’ म्हटलेलें आहे. हे आपल्याकडील मेंढरें राखणारे धनगर नव्हेत. छोटा नागपूरच्या डोंगराळ मुलुखांतील हे आदिवासी लोक होत. पांच वर्षांचा करार व दरमहा पांच रुपये मजुरी या बोलीवर ते आले. गुलामांऐवजीं ‘स्वतंत्र’ मजुरांकडून साखर पिकवून घेतां येते कीं नाहीं, हें पाहण्याचा तो प्रयोग होता. प्रयोग मळेवाल्यांच्या दृष्टीनें यशस्वी झाला. पुढें ब्रिटिश गियाना, त्रिनिदाद, नाताळ, फिजी येथपर्यंत त्याचा विस्तार झाला.

प्रारंभीं या व्यवहारास कांहींच धरबंध नव्हता. फसवणुकीच्या तक्रारींमुळें हिंदुस्थान सरकारनें तो कांहीं काळ बंदही केला. १८४२ च्या कायद्यानें तो पुन्हा सुरू झाला, आणि कलकत्ता, मद्रास व मुंबई हीं तीन बंदरें त्यासाठीं मोकळीं झालीं. १८४३ या एकाच वर्षांत तीस हजारांहून अधिक मजूर मॉरिशसला उतरले. १८३४ पासून १९१० पर्यंत त्या लहानशा बेटावर आलेल्या हिंदी लोकांची एकूण संख्या साडेचार लाखांच्या घरांत जाते. त्यांत बिहार व संयुक्त प्रांतांतील लोकांचा भरणा मोठा, त्याखालोखाल तामीळ व तेलुगू मुलुखांतील लोकांचा. मुंबईच्या वाटेनें गेलेले त्या मानानें थोडे. पण त्यांत रत्नागिरी, सातारा, ठाणें या भागांतील मराठी कुटुंबें होतीं.

कोंकणी कुणब्याला घर सोडण्याचें शिक्षण कोणी द्यावें लागत नाहीं. खडकाळ जमीन, खोताचें देणें, पावसाळा संपला कीं रिकामा होणारा कणगा, यांमुळें मुंबईची वाट त्याच्या पायाखालची होती. कोणी पलटणींत जाई, कोणी गोदींत ओझीं उचली. त्याच मुंबईंत भरतीवाला भेटे. समुद्रापलीकडे एक बेट आहे, तेथें काम बेताचें, मजुरी रोख आणि पोटास भात, असें तो सांगे. दगड उलटला कीं खालीं सोनें सांपडतें, ही कथा तर मॉरिशसच्या हिंदी घरांतून पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली आहे. सोन्यावर किती जणांचा विश्वास बसला असेल कोण जाणे. भातावर मात्र बसला.

आरंभींच्या जहाजांवर पुरुषच फार असत. पुढें सरकारनें पुरुषांच्या प्रमाणांत कांहीं स्त्रिया असल्याच पाहिजेत असा नियम केला, आणि सबंध कुटुंबें जाऊं लागलीं. अशांपैकीं एक कुटुंब श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावें. साल १८५० ते १८६० च्या दरम्यानचें. नवरा पंचविशींतला, बायको विशीच्या आंतबाहेर, कडेवर दोन वर्षांचें मूल. त्यांचीं नांवें सांगण्याचें कारण नाहीं. नांवांचें काय झालें, तें पुढें येईलच.

मुंबई सोडून महिना-सवामहिना झालेला असतो. शिडाच्या जहाजाच्या पोटांत प्रत्येकाला आडवें होण्यापुरती जागा. आकाश व पाणी यांशिवाय दुसरें कांहीं दृष्टीस न पडतां इतके दिवस गेल्यावर एका पहांटे डोंगर दिसूं लागतात. पोर्ट लुईच्या पाठीशीं डोंगरांची रांग आहे. त्यांतील एक शिखर अंगठ्यासारखें उभें आहे व फ्रेंच लोकांनीं त्याचें नांवही अंगठा या अर्थाचेंच ठेवलें. दुसऱ्या शिखराच्या टोंकावर एक प्रचंड धोंडा माणसाच्या डोक्यासारखा बसलेला आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशीं वाढलेल्या माणसाला ते सुळके पाहून क्षणभर घर जवळ आल्यासारखें वाटलें असेल तर नवल नाहीं.

परंतु जमीन दिसली म्हणजे उतरतां येतेंच असें नव्हे. प्रथम सरकारी डॉक्टर जहाजावर येई. देवी किंवा पटकी यांचा संशय आला तर जहाज बंदराबाहेर थोपविलें जाई, अथवा उत्तरेकडील ओसाड बेटांवर माणसें उतरवलीं जात. १८५६ सालीं कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांवर पटकी लागली, म्हणून त्यांवरील मजुरांना गॅब्रिएल नांवाच्या बेटावर ठेवण्यांत आलें. तेथें ना पुरेसा निवारा होता, ना पुरेसें पाणी. अडीचशेंहून अधिक माणसें तेथेंच मेलीं. ज्या भूमीसाठीं त्यांनीं घर सोडलें, ती त्यांनीं लांबूनच पाहिली. या प्रकाराचा एवढा बोभाटा झाला कीं हिंदुस्थान सरकारला कलकत्त्याहून मजूर पाठविणें कांहीं काळ थांबवावें लागलें.

आपल्या कुटुंबाचें दैव बरें, असें धरूं. डॉक्टरनें जीभ पाहिली, दंडावरचा देवी काढल्याचा वण पाहिला, आणि जाऊं दिलें. मग लहान होड्या जहाजाला लागल्या. बोचकें, तांब्या, मूल असें सगळें सांवरीत तीं दोघें होडींत उतरलीं आणि थोड्याच वेळांत पायऱ्यांशीं आलीं. महिनाभर हलत्या फळ्यांवर राहिलेल्या माणसाला जमिनीवर पाय ठेवला कीं जमीनच डोलते असें वाटतें. त्या सोळा पायऱ्या बहुतेकांनीं लटपटत्या पायांनींच चढल्या असतील.

आंत गेल्यावर मोठ्या पडव्या, पाण्याची सोय, स्वयंपाकघर, इस्पितळ व कचेरी. चोहोंकडे माणसेंच माणसें आणि बोलणें कोणाचेंच कळत नाहीं. सरकार इंग्रजी बोलणारें, मळेवाले फ्रेंच बोलणारे, रस्त्यावरची बोली क्रिओल. सोबतच्या मजुरांत कोणी भोजपुरी बोलतो, कोणी तामीळ. मराठी माणूस येथें परक्यांतला परका. त्याचें शेजारपाजार म्हणजे जहाजावरचे चार ओळखीचे चेहरे. म्हणूनच एका जहाजानें आलेले लोक परस्परांना ‘जहाजी भाई’ म्हणूं लागले, आणि तें नातें पुष्कळदां सख्ख्या नात्याइतकें मानलें गेलें. घरीं ज्यांच्या पंक्तीला कधीं बसले नसते, त्यांच्याबरोबर जहाजावर एका चुलीवरचें जेवण झालेलें होतें. जातीचा जो विटाळ गांवांत शेंकडों वर्षें टिकला, तो महिनाभराच्या खाऱ्या पाण्यानें पुरता धुतला नाहीं, तरी बराच सैल झाला.

जेवण झाल्यावर कचेरींत बोलावणें येई. त्या दिवसाचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रसंग, आणि तो घडावयास फार तर कांहीं मिनिटें लागत. मेजापाशीं कारकून, त्याच्या बाजूला दुभाषी. नांव काय? बापाचें नांव काय? वय किती? जात कोणती? जिल्हा कोणता, गांव कोणतें? मग उंची मोजावयाची, अंगावरचा तीळ किंवा व्रण पाहावयाचा, जहाजाचें नांव व तारीख लिहावयाची. शेवटीं एक अनुक्रमांक. स्त्रीसही निराळा क्रमांक मिळे व तिच्यापुढें अमक्याची बायको असा शेरा पडे.

आपल्याकडील त्या काळच्या दप्तरांत माणसाची ओळख ‘अमका बिन तमका’ अशी लिहीत. बिन म्हणजे मुलगा. पोर्ट लुईच्या कारकुनाला अमकाही नवा आणि तमकाही नवा. कानाला जसें लागलें तसें त्यानें रोमन लिपींत उतरलें. एकच नांव दोन भावांच्या कागदांवर दोन तऱ्हांनीं लिहिलें गेलें. पुढें मुलांचीं नांवें सरकारांत लागलीं तेव्हां बापाचें नांव हेंच घराण्याचें आडनांव होऊन बसलें. रामा, लक्ष्मण, सखाराम हीं एके काळचीं पाळण्यांत ठेवलेलीं नांवें आज तेथें आडनांवें म्हणून चालतात. गांवावरून, वतनावरून, पराक्रमावरून पडलेलीं जुनीं आडनांवें त्या मेजापाशींच राहिलीं.

क्रमांक मात्र राहिला. तो तिकिटावर लिहिलेला असे आणि मजुराला तें तिकीट जपावें लागे, कारण मळ्याबाहेर कोठेंही हटकलें असतां तें दाखविणें भाग असे. १८६७ च्या कायद्यानें तर करार संपलेल्या मजुरांनाही स्वतःचें छायाचित्र असलेलें तिकीट बाळगण्याची सक्ती झाली. तें जवळ नसलें म्हणजे तुरुंगाची वाट. रयतेपैकीं ज्यांनीं आपली तसबीर निघेल असें स्वप्नांतही आणलें नसतें, त्यांची पहिली व बहुधा शेवटची तसबीर अशा रीतीनें निघाली.

आवारांत निदान दोन रात्री काढाव्या लागत. तेवढ्या अवधींत मळेवाल्यांचीं माणसें येऊन मजूर पसंत करीत. त्यांच्याबरोबर सरदार असे. हा सरदार म्हणजे लढवय्या नव्हे. मजुरांच्या टोळीवरचा मुकादम. तो बहुधा पूर्वीं आलेला हिंदी माणूसच असे आणि आपल्या भाषेंतील लोकांना गोड बोलून आपल्या मळ्याकडे ओढी. कराराचा कागद इंग्रजींत. त्यावर मजुराच्या सहीऐवजीं फुली. मजुरी, तांदूळ, डाळ, मीठ, तेल, वर्षाकांठीं कांहीं कपडे, एवढें त्यांत लिहिलेलें असे. स्त्रियांशीं निराळा करार बहुधा होत नसे. नवरा जाईल तो मळा तिचा.

पहिल्या दिवसाची रात्र पडे ती त्या पडवींत. मुंबईच्या बंदरावर ज्यांनीं समुद्राचा आवाज सोडला, त्यांना येथेंही समुद्राचाच आवाज ऐकूं येई. मूल निजलेलें, नवरा तिकीट कमरेला खोंवून पडलेला. त्या बाईच्या मनांत त्या रात्रीं काय आलें असेल, याची नोंद कोणत्याही रजिस्टरांत नाहीं. वय, उंची, गांव, जहाज हे सर्व रकाने तेथें होते. या गोष्टीसाठीं रकाना नव्हता.

तिसऱ्या दिवशीं आवाराच्या दुसऱ्या दरवाजानें बाहेर पडून हीं माणसें मळ्याच्या वाटेला लागत. वाटेच्या दोन्ही बाजूंस ऊंस, आणि शेवटीं मजुरांची वस्ती. पुष्कळ ठिकाणीं ही वस्ती पूर्वीं गुलामांचीच होती. पुढच्या आयुष्याचें वर्णन लांबवीत नाहीं बसले तरी एक नियम सांगितलाच पाहिजे. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांची मजुरी कापीत. आजारी पडलेल्या माणसाचा हिशेब महिनाअखेर असा लागे कीं मालकाकडून येणें राहण्याऐवजीं त्याचेंच देणें निघे. १८५० नंतर परतीचें फुकट भाडें मिळण्याची सवलतही गेली. तरी आलेल्यांपैकीं जवळ जवळ एक तृतीयांश लोक कधीं ना कधीं मायदेशीं परतले. बाकीचे तेथेंच राहिले, तेथेंच मेले. १८६१ च्या शिरगणतीच्या वेळींच बेटावरील दर दहा माणसांत सहा हिंदी होते.

या अन्यायाविरुद्ध आवाज उठला नाहीं असें नाहीं. १८७१ सालीं ९,४०१ हिंदी मजुरांनीं गव्हर्नराकडे अर्ज केला. तो तयार करण्यांत आदोल्फ द प्लेव्हिट्झ या जर्मन वंशाच्या मळेवाल्यानें पुढाकार घेतला, आणि त्याबद्दल त्याला स्वजातीयांचा भर रस्त्यांत मार खावा लागला. त्या अर्जामुळें १८७२ सालीं शाही चौकशी मंडळ आलें. १८७५ सालीं त्याचा अहवाल निघाला व कायद्यांत कांहीं सुधारणा झाली. १९०१ सालीं दक्षिण आफ्रिकेहून स्वदेशीं येतांना गांधीजींचें जहाज पोर्ट लुईला थांबलें, तेव्हां त्यांनीं कांहीं दिवस राहून तेथील हिंदी लोकांची स्थिति पाहिली. शेवटचा घाव घालण्याचा यत्न एका कोंकणांतल्याच माणसानें केला. ज्या रत्नागिरी जिल्ह्यांतून मजूर गेले, त्याच जिल्ह्यांतील कोतळूक गांवीं जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनीं मार्च १९१२ मध्यें मध्यवर्ती कायदेमंडळांत करारबंद मजुरीची ही पद्धति समूळ बंद करावी असा ठराव मांडला. सरकारी मतांच्या बळावर तो नापास झाला. १९१७ सालीं ही भरती बंद झाली तेव्हां गोखले हयात नव्हते.

आतां प्रारंभींच्या प्रश्नाकडे वळावयाचें. पडक्या आवारास एवढें मोल कां?

आपल्याकडे अनेक घराण्यांनीं आपापले कुलवृत्तांत छापले आहेत. मूळ पुरुष कोण, तो कोठून आला, त्याच्या शाखा कोठें पसरल्या, हें त्यांत असतें. असा ग्रंथ ज्यांच्या घरीं आहे, त्यांना आपण कोण हा प्रश्न कधीं पडत नाहीं. मजुरी करावयास समुद्रापार गेलेल्या कुणब्याचा कुलवृत्तांत कोण लिहिणार? गांवच्या दप्तरांतून त्याचें नांव गेलें. मागें राहिलेले भाऊबंद मेले, त्यांच्याबरोबर आठवणही गेली.

पण तो एका ठिकाणीं लिहिला गेला होता. पळून गेलेला मजूर ओळखतां यावा, करार मोडणाऱ्याला धरतां यावें, या हेतूनें पोर्ट लुईच्या कारकुनानें ज्या ओळी लिहिल्या, त्यांतच बापाचें नांव, गांव, जिल्हा, जहाज व तारीख राहून गेली. हीं रजिस्टरें आज मॉरिशसमधील मोका येथें, १९७० सालीं स्थापन झालेल्या महात्मा गांधी संस्थेंत जतन केलेलीं आहेत. पणतू-खापरपणतू तेथें येतात, घरांत जपलेल्या जुन्या तिकिटावरचा क्रमांक दाखवितात, आणि पान उघडलें जातें. ज्या आंकड्यानें एका माणसाचें नांव झांकलें, त्याच आंकड्यानें त्याच्या वंशजांना तें परत मिळतें. मालकांनीं मजुरांवर पहारा ठेवण्यासाठीं केलेली वही मजुरांच्या नातवंडांची बखर झाली, असें क्वचितच घडलें असेल.

२ नोव्हेंबर हा दिवस मॉरिशसमध्यें सार्वजनिक सुटीचा असतो. त्या दिवशीं त्या पायऱ्यांपाशीं लोक जमतात व येथें उतरलेल्यांचें स्मरण करतात. गणेशचतुर्थीलाही तेथें सरकारी सुटी असते. मराठी कुटुंबें मूर्ति वाजत-गाजत समुद्राकडे किंवा नदीकडे नेतात. विसर्जनासाठीं जाणाऱ्या त्या मिरवणुकींत लहान मुलें असतात, बायका असतात. त्यांच्या कोणा पणजीनें एके काळीं कडेवर मूल घेऊन त्याच समुद्रांतून वर सोळा पायऱ्या चढल्या होत्या. ती रात्रभर काय विचार करीत होती हें कोणी लिहून ठेवलें नाहीं. पण मुलाला तिनें कोणती भाषा व कोणता देव शिकविला, हें त्या मिरवणुकींत ऐकूं येतें.